उन्हात अडलेला हायड्रोलिक कपलर: हातोडी ठेवा, आधी दाब सोडा

उन्हाळ कांदा निघाला की निफाड, येवला, चांदवड, मालेगाव पट्ट्यात पलटी नांगर (तेलाच्या दाबाने फाळ उलटसुलट फिरवता येणारे) बाहेर पडतात. रोहिणी लागायच्या आत नांगरट उरकून रान तापू द्यायचं असतं. खरड छाटणीच्या आगेमागे द्राक्षबागांना शेणखत टाकायला डंपिंग ट्रॉलीही तोच ट्रॅक्टर ओढतो. अवजारं सारखी बदलावी लागतात आणि नेमका भर उन्हात पाइपाचा कपलर, म्हणजे ट्रॅक्टरचं हायड्रोलिक तेल अवजाराकडे नेणाऱ्या पाइपाचा जोड, बसत नाही. मग कुणीतरी हातोडी शोधायला लागतो.

बहुतेक वेळा कपलरमध्ये काहीच बिघाड नसतो, पाइपात तेल कोंडलेलं असतं. कपलरच्या नर (आत जाणारं) आणि मादी (आत घेणारं) दोन्ही तोंडांत स्प्रिंगवरचा छोटा व्हॉल्व्ह असतो. जोडताना दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांना आत ढकलतात, तेव्हा तेलाला वाट मिळते. पाइप काढला की दोन्ही बंद होतात. सकाळच्या गारव्यात सोडलेला नांगर दुपारी बांधावर तापतो, आतलं तेल फुगतं, पण जागा तेवढीच राहते. पक्क्या बंद नळीत तेल एक अंश तापलं तरी दाब साधारण १० बारने (बार हे दाबाचं माप) चढतो. रबरी पाइप थोडा ताणतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी चढतो, तरी ५० बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर जवळपास ५० किलोचा रेटा. हाताने तो दबत नाही.

हातोडीने काय होतं? नराचं टोक पसरतं, आतली ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) कापली जाते आणि मग मात्र नवा कपलर खरंच घ्यावा लागतो.

आधी ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब सोडा. इंजिन बंद करून हायड्रोलिकचा लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा पूर्ण हलवा. लिव्हरला फ्लोट (दोन्ही पाइप टाकीकडे खुले ठेवणारी जागा) असेल तर तिथे ठेवा. तरी अडत असेल तर एकाने लिव्हर एका बाजूला धरून ठेवावा आणि दुसऱ्याने कपलर सरळ रेषेत ढकलावा. व्हॉल्व्ह आत जाताना थोडं तेल मागे सरकतं, त्याला टाकीत जायला वाट हवी. लिव्हर न्यूट्रलला असला की ती वाट बंद असते, ही गोष्ट बरेच जण विसरतात.

अवजाराच्या बाजूला घाई नको. गोणपाट ओलं करून पाइपांवर आणि जॅकवर (तेलाच्या दाबाने अवजार हलवणारा सिलिंडर) टाका, अर्धा-पाऊण तास थांबा. तेल आकसलं की दाब उतरतो. संध्याकाळपर्यंत किंवा पहाटेपर्यंत थांबता आलं तर त्याहून उत्तम, एरवी न बसणारा कपलर पहाटे हाताने बसतो.

थांबणं शक्यच नसेल तर पाइपाचं जॅककडचं नट पान्याने अगदी थोडं सैल करायचं, वर जाड फडकं गुंडाळून. त्याआधी नांगर जमिनीवर पूर्ण टेकलेला आणि पलटी एका बाजूला पूर्ण झालेली हवी. अर्धवट पलटलेला नांगर दाब सुटताच फिरतो, त्या घेरात कुणी उभं राहू नये. ट्रॉली उचललेली असेल तर नटाला हातच लावायचा नाही, नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरायचं नाही.

चष्मा घाला आणि गळती बोटाने तपासू नका. बारीक फटीतून उडालेलं तेल कातडी भेदून आत जातं. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. हळद लावून घरी बसू नका. सर्जन असलेलं रुग्णालय गाठा आणि दाबाखालचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

खरं तर हा सगळा त्रास अवजार सोडतानाच टळतो. नांगर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवा, मगच पाइप ओढा. एवढ्याला मिनिटभरही लागत नाही. नांगर झाडाच्या किंवा शेडच्या सावलीत लावा, पाइप वर टांगा, तोंडावर टोपणं घाला. टोपण हरवलं असेल तर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधा, चालते. उघडं तोंड काळ्या मातीत लोळलं असेल तर आधी स्वच्छ फडक्याने पुसा. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं, कपलरवरची माती तिथवर पोचते. उसना नांगर जोडताना हे जास्तच सांभाळा, त्याच्या जॅकमध्ये आधीच्या ट्रॅक्टरचं तेल असतं, ते कसलं आणि किती जुनं हे विचारायला लाजू नका.

कपलर ‘टक’ करून बसला तरी जॅक हलत नसेल तर जोडी जुळते का ते पाहा. एकात टोकदार व्हॉल्व्ह आणि दुसऱ्यात गोळी असेल तर बाहेरून माप जुळूनही तेल जात नाही. दुकानात जाताना जुना नर-मादी दोन्ही सोबत न्या. दाब असतानाही जोडता येणारे कपलर मिळतात, ते महाग असतात. भाड्याने दिवसभर फिरणाऱ्या ट्रॉलीला ते परवडतील. वर्षात महिनाभर चालणाऱ्या घरच्या नांगराला त्यांची गरज नाही.