पारा ४५ वर गेला की परसातल्या कोंबड्या कशा जगवायच्या

एप्रिल लागला की चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी, नागपूर ही नावं रोज तापमानाच्या बातमीत यायला लागतात आणि त्याच दिवसांत घरोघरच्या खुराड्यांत कोंबड्या मरायला लागतात. सकाळी दाणे टिपत होत्या, दुपारी चारला जाऊन बघितलं तर दोन आडव्या, असंच बहुतेक जण सांगतात. यातल्या बऱ्याच वाचू शकतात आणि त्याला फार पैसाही लागत नाही, पण कोणती गोष्ट कधी करायची ते कळलं पाहिजे, कारण काळजीपोटी केलेले दोन-तीन उपायच कोंबडीच्या जिवावर उठतात. मी हे सगळं विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्याबद्दल लिहितेय, कोकण-गोव्याकडच्यांसाठी काय वेगळं ते मध्येच सांगते.

आधी कोंबडीचं शरीर समजून घ्या, मग बाकीचं आपोआप सुचत जाईल. कोंबडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नसतात तिला. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ डिग्रीच्या आसपास असतं, म्हणजे आपण ज्याला सणसणून ताप म्हणतो तेवढं तिचं रोजचंच. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच रस्ते. एक म्हणजे तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी), पाय आणि पंखाखालची उघडी कातडी, म्हणून ती पंख अंगापासून लांब धरून उभी राहते. दुसरा म्हणजे चोच उघडून धापा टाकणं, त्यात तोंडातल्या आणि श्वासनळीतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तेवढी उष्णता कमी होते. साधारण ३० डिग्रीपर्यंत तिचं बरं चालतं, ३५ च्या पुढे धापा दिसायला लागतात, ४० च्या पुढे मात्र जरा दुर्लक्ष झालं तरी पक्षी हातचा जातो. जाड, वजनदार पक्षी आधी जातात, गावठी हलक्या कोंबड्या जास्त तग धरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हवा. लोक काय करतात, ऊन वाढलं की खुराड्याला चारही बाजूंनी ओली पोती बांधून टाकतात आणि आता आत गार झालं म्हणून निवांत होतात. तासाभरात आत वाफारा तयार होतो. हवा हलत नाही, आतला ओलावा बाहेर जात नाही आणि ओल्या हवेत धापा टाकून कोंबडीला काहीच फायदा होत नाही कारण तोंडातला ओलावा सुकतच नाही. पोती बांधायचीच, पण ज्या बाजूने वारा येतो तिथेच, आपल्याकडे बहुतेक करून पश्चिमेकडून झळा येतात म्हणून ती बाजू, आणि समोरची बाजू पूर्ण मोकळी, जाळी लावलेली. म्हणजे वारा ओल्या पोत्यातून गार होऊन आत येतो आणि दुसरीकडून निघून जातो, आपला कुलर चालतो तसंच. पोतं जाळीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा आणि खाली जमिनीपासून थोडं वर असू द्या. गोणपाट घ्या, प्लॅस्टिकचं पोतं पाणी धरत नाही. कुलरची जुनी वाळ्याची ताटी असेल तर ती पोत्याहून भारी काम करते.

पंख्याबद्दलही नीट समजून घ्या. हवा ३५-३८ डिग्री असेल तेव्हा साधा टेबल फॅन कोंबडीला आराम देतो. पण बाहेर ४५ असताना तोच पंखा तिच्या अंगापेक्षा गरम हवा तिच्यावर फेकत असतो, म्हणजे लूच झाली ती! त्या वेळी पंखा ओल्या पोत्याच्या किंवा ताटीच्या मागे असा ठेवा की हवा ओलाव्यातूनच आत जाईल. आणि सगळी भिस्त पंख्यावर ठेवू नका, लाइट नेमकी भर दुपारी जाते. कोकणात, मुंबईकडे, गोव्यात हे सगळं उलटं होतं, तिथे हवेत आधीच ओलावा भरलेला असतो त्यामुळे पोती भिजवून, फवारे मारून काही मिळत नाही, उलट त्रास वाढतो. तिथे नारळ-आंब्याची दाट सावली, चारही बाजूंनी मोकळी जाळी आणि वाहती हवा, एवढ्यावरच भर द्यायचा.

छप्पर. टिनाचं शेड असेल तर मे महिन्यात ते तव्यासारखं तापतं आणि खाली बसलेल्या कोंबडीला वरून शेकत राहतं. मार्चमध्येच टिनांवर चुन्याचे दोन हात मारून घ्या, चुन्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घातला की लवकर झडत नाही. त्यावर तुराट्या, पऱ्हाटी, तणस, उसाचं पाचट जे मिळेल त्याचा अर्धा फूट थर दोरीने घट्ट बांधा. अकरा आणि दोनला त्यावर पाणी मारलं तर आतला फरक हाताला कळतो. फक्त वरून लाइटच्या तारा जात असतील किंवा शेजारीच चूल असेल तर वाळलेला थर नको, आगीचा धोका आहे, तिथे हिरवी शेडनेट छपराच्या फूटभर वर ताणून बांधा. शेडनेट टिनाला टेकवली तर फायदा अर्धाच होतो, मध्ये हवा खेळायला जागा पाहिजे. नवीन खुराडं बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब भिंतीतून आत शिरत नाही, आणि छप्पर बाहेर दोन-अडीच फूट काढा.

खरं सांगायचं तर दिवसभर कोंबड्या खुराड्यात नसलेल्याच बऱ्या. कडुलिंब, चिंच, आंबा, जे झाड असेल त्याखालची सावली कुठल्याही शेडपेक्षा चांगली. झाडाखाली हातभर लांबीचे दोन-तीन खड्डे करून माती सकाळी शिंपडून ठेवा, दुपारी कोंबड्या स्वतःच त्यात पोट टेकवून बसतात. झाड नसेल तर चार बांबू आणि जुन्या सुती साड्यांचा मांडव घाला. काळ्या ताडपत्रीचा नको, तिच्याखाली भट्टी होते.

पाणी. एक मोठी कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हात ते दुप्पट होतं, कधी त्याच्याही पुढे जातं. म्हणजे दहा कोंबड्यांना पाच लिटर तरी हाताशी हवं. पण नुसतं पाणी असून भागत नाही, ते गार असलं पाहिजे, गरम पाणी कोंबडी तोंडात घेते आणि सोडून देते. छतावरच्या काळ्या टाकीतलं, उन्हात पडलेल्या पाइपातलं दुपारचं पाणी हात भाजेल असं असतं, ते तसंच भांड्यात ओतू नका. मातीची भांडी वापरा, फुटक्या माठाचा खालचा भाग, कुंडीखालची पसरट ताटली, काहीही चालतं. एकाऐवजी तीन-चार ठिकाणी ठेवा, सगळी सावलीत, कारण दबून राहणाऱ्या कोंबडीला दांडग्या कोंबड्या एकाच भांड्यावर येऊ देत नाहीत आणि नेमकी तीच मरते. दहाला, एकला आणि तीनला पाणी बदला, भांडं घासून. थोडा बर्फ टाकला तर उत्तम. भांडं पसरट पण उथळ असू द्या, पिल्लं असतील तर आत दोन-चार खडे टाका, नाहीतर बुडतात.

इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे अंगातले क्षार भरून काढणारी पावडर जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते, पाकिटावर लिहिलंय त्याच प्रमाणात घ्या आणि दुपारच्या पाण्यातच द्या, एका भांड्यात साधं पाणीही ठेवा. घरच्या घरी अंदाजाने मीठ-साखर कालवू नका, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं लागतं. बरेच लोक लू लागू नये म्हणून कांदा बारीक करून घालतात, आपल्याला चालत असला तरी कोंबडीला जास्त कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा तो टाळाच.

खाणं हा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर चार-सहा तासांनी सगळ्यात जास्त असते. म्हणजे सकाळी दहाला पोटभर दाणे घातले की बरोबर दोन-तीनला, बाहेर आग ओकत असताना, आतूनही भट्टी पेटते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे पाचला खाद्य द्या, नऊपर्यंत जे खातील ते खातील, मग खाद्याची भांडी उचलून ठेवा, आणि संध्याकाळी साडेपाच-सहानंतर परत द्या. पहाटे चारला एखादा बल्ब लावला तर कोंबड्या गारव्यात उठून खातात. मधल्या वेळात कलिंगडाची सालं, काकडी, शेवग्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या असं पाण्याचं काहीतरी टाका, तेही थोडंच, आणि उरलेलं संध्याकाळी उचला कारण उन्हाळ्यात ते लगेच आंबतं.

याच काळात अंडी कमी होतात आणि कवच पातळ येतं, हातात धरलं तरी पिचकतं. धापा टाकताना अंगातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर जातो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि कवचाला लागणारं कॅल्शियम नीट मिळत नाही, शिवाय खाणंही कमी झालेलं असतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात संध्याकाळी ठेवत जा, कवच रात्रीच तयार होतं. अंडी दिवसातून दोन-तीन वेळा गोळा करा, तापलेल्या खुराड्यात पडून राहिलेलं फळलेलं अंडं आत वाढायला लागतं आणि खराब होतं. एप्रिल-मेमध्ये कोंबडी खुडूक बसली तर शक्यतो अंडी ठेवूच नका. ती पाण्यालासुद्धा उठत नाही, बसल्या जागी मरते, आणि पिल्लंही कमीच निघतात. बसवलीच असेल तर सकाळ-दुपार हाताने उचलून पाण्याजवळ सोडा.

रात्री गर्दी करू नका. एरवी एका कोंबडीला दोन चौरस फूट पुरतात, उन्हाळ्यात तीन द्या, जागा नसेल तर दोन-चार जास्तीचे कोंबडे मार्चमध्येच विकून टाका. खालचा तुसाचा थर दोन इंचांपुरताच ठेवा, जाड थर आतून तापतो. विटा-सिमेंटची भिंत रात्री उशिरापर्यंत गरम राहते, म्हणून सूर्य मावळला की भिंतींवर बाहेरून पाणी मारा. खिडक्या उघड्याच पण जाळी मजबूत, मुंगूस आणि मांजर उन्हाळा बघत नाहीत.

कोंबडीला ऊन लागलंच तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, त्या वेळी सुचत नाही. धापा वाढल्या, मान खाली गेली, डोळे मिटले, तुरा काळपट पडला, पाय लटपटले की समजा वेळ कमी आहे. तिच्यामागे धावू नका, धाववण्यानेच ती संपते. हळूच उचला, सावलीत आणा, पाय गुडघ्यापर्यंत साध्या माठातल्या पाण्यात धरा, पंखाखाली आणि तुऱ्यावर ओला फडका फिरवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. पाणी घशात ओतू नका, फुप्फुसात जातं, चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, शुद्धीवर असेल तर स्वतः गिळते. नंतर संध्याकाळपर्यंत वेगळी ठेवा.

उन्हाचा त्रास संध्याकाळी गारवा आला की कमी होतो. रात्री गारव्यातही घरघर चालू असेल, हिरवट पातळ विष्ठा असेल, मान पिळत असेल तर ते ऊन नाही, ती मानमोडी (राणीखेत हा साथीचा रोग) असू शकते, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडीची लस फेब्रुवारी-मार्चमध्येच देऊन मोकळं व्हा. भर उन्हाळ्यात द्यावीच लागली तर पहाटे, आणि दवाखान्यातून घरी येईपर्यंत बर्फात. कोंबड्या बाजारात न्यायच्या असतील तरी पहाटेच, डालग्यात कमी भरून.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपत आला, एखादी वळवाची सर पडली की लोक सुटलो म्हणतात. तेच दिवस सगळ्यात वाईट. पारा चाळीसवर तसाच असतो आणि हवेत एकदम ओलावा भरतो, त्यामुळे कालपर्यंत ज्या ओल्या पोत्याने कोंबड्या जगल्या तेच आता घातक होतं. अंगाला चिकचिक जाणवायला लागली त्याच दिवशी पोती काढून टाका, पाणी मारणं बंद करा, सगळ्या बाजू उघड्या करा आणि पंखा नुसता चालवा. गार पाणी आणि पहाटेचं खाद्य मात्र मृग नीट बरसेपर्यंत सोडू नका.