मीड करायला निघालो होतो, झाला मधाचा सिरका: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी चोपड्याच्या बाजारातून आग्या मोहोळाचा मध आणला, सातपुड्यातून पावरा लोक आणतात तो, आणि घरी आल्यावर आठवड्याभरात बाटलीचं झाकण आपोआप टप्प करून उडालं. मला वाटलं भेसळ आहे. नंतर कळलं की आग्याच्या मधात पाण्याचा अंश जास्त असतो म्हणून त्यात जंगली यीस्ट जागं होतं. तेव्हापासून डोक्यात किडा, की याची मीड करायची, म्हणजे मधाची दारू. पण मित्राने आठवण करून दिली की महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 चा आहे आणि लायसन्सशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे, ते काम पुण्या-नाशकातल्या लायसन्सवाल्या मीडरींना करू दे. मग म्हटलं सिरका करू. सुरुवात तीच, शेवट वेगळा, आणि भरतासोबतच्या कांद्यावर टाकायला तर हाच बेस्ट.

आधी वेळ बघा. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये सुरू केलं, तेही वरच्या खोलीत, म्हणजे जळगावचा एप्रिल आणि वर पत्रा. यीस्टला साधारण 20 ते 28 डिग्री आवडतं, तिथे 40 च्या पुढे. त्यात वर अतिशहाणपणा, झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी झाकण एकीकडे, बरणी एकीकडे, भिंतीवर मधाचं पाणी आणि माय दारात उभी, "हाई काय सडी ऱ्हायनं रे घरमा?" म्हणून दिवाळी झाली की लावा, थंडीत निवांत होतं.

सामान कमी आहे. 250 ग्रॅम मध, पाणी, पाव चमचा ड्राय यीस्ट (बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते), दहा-बारा मनुका, तीन लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, मलमलचं फडकं. मनुका कशाला, तर मधात साखर भरपूर पण यीस्टला लागणारं बाकीचं खाद्य नगण्य, म्हणून थोडा टेकू. आणि मदर (म्हणजे सिरका करणाऱ्या जिवाणूंचा थर) असलेला, न गाळलेला सफरचंदाचा सिरका 400 मिली, तो नंतर लागेल. पितळ, तांबं, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम यातलं एकही भांडं वापरू नका, आंबट त्याला खातं.

बरणी गरम पाण्याने धुवून उन्हात कोरडी करा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर उकळून, गार करून घ्या. त्या पाण्यात मध विरघळवा आणि सगळं मिळून दोन लिटर होऊ द्या. यापेक्षा गोड केलं तर पुढे दारूचं प्रमाण जास्त चढतं आणि सिरका करणारे जिवाणू दमतात, लोक इथेच चुकतात, "अजून थोडा मध घालू" म्हणत. यीस्ट कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला, मनुका टाका, वर फडकं बांधा. झाकण नाही!

दुसऱ्या दिवसापासून बरणीला कान लावा, बारीक सर्र्र ऐकू येतं, सोडा ओतल्यासारखं. मनुका फुगून वर येतात, खाली जातात, परत वर येतात, मी तर चहा घेऊन बघत बसायचो. पहिले तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ धुतलेल्या चमच्याने ढवळा, मग सोडून द्या. दोन-तीन आठवड्यांत फेस बसतो, तळाला पांढरट गाळ, वर निवळ पाणी. हे पिऊन बघायचं नाही, हा मधला टप्पा आहे.

आता वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या बरणीत ओता, गाळ मागे राहू द्या, मनुका फेका, आणि त्यात तो 400 मिली मदरवाला सिरका घाला. या जिवाणूंना हवा लागतेच, म्हणून बरणी पाऊणच भरा आणि तोंडाला मलमल दोन पदरी घट्ट बांधा, नाहीतर चिलटं आत शिरतात, ती कुठून येतात देव जाणे. अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि हलवू नका. काही दिवसांनी वर सायीसारखा गुळगुळीत थर येतो, ती मदर, तिला हात लावू नका. केसाळ हिरवा-काळा ठिपका दिसला तर मात्र सगळं ओतून द्या, वरचा काढून चालणार नाही.

साधारण दोन महिने लागतात, कधी तीन. नाकाला झोंबायला लागलं आणि दारूचा वास गेला की झालं. गाळून बाटलीत काठोकाठ भरा, थोडा सिरका मदरसकट बाजूला ठेवा, पुढच्या वेळी विकत आणायला नको.

एक सांगतो, हा लोणच्याला वापरू नका. घरच्या सिरक्याचं आम्ल किती टक्के ते चाखून कळत नाही, आणि वर्षभर टिकवायचं असेल तर मोजलेल्या 5 टक्क्यांचा बाजारचाच बरा. आमच्याकडे तो कांद्यावर जातो, भरीत-भाकरीच्या ताटात, वर चिमूटभर तिखट. माय आता सडलं म्हणत नाही, दिवाळी झाली की स्वतःच विचारते, औंदा बरणी लावनी का नई.