होमस्कूलिंग सुरू करताय? आधी या चुका टाळा

आमच्या होमस्कूलिंगच्या पहिल्या दिवसाचं वेळापत्रक मी चार रंगांत छापलं होतं. साडेआठला गणित, सव्वानऊला भाषा, दहाला दहा मिनिटांची सुट्टी. भिंतीवर फळा, टेबलावर हजेरीवही. घरात मूल एकच, आणि मी त्याची हजेरी घेणार होते! तिसऱ्या दिवशी मुलीने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "तू आत्ता आई आहेस की बाई?"

"आत्ता बाई."

"मग आई कधी येणार?"

घरी शिकवायला लागणारे बहुतेक पालक हीच चूक करतात. मुलाला शाळेतून काढतात आणि मागच्या दाराने शाळाच घरात आणतात. तास, घंटा, हजेरी हे सगळं का जन्माला आलं, तर एका शिक्षकाला तीस-चाळीस मुलं सांभाळायची असतात म्हणून. घरी ती अडचणच नाही. वह्या वाटणं, गप्प बसवणं, मागे पडलेल्यांसाठी थांबणं, यातला वेळ वाचतो. माझा अनुभव असा, की प्राथमिक वयात समोर बसून केलेला दीड-दोन तासांचा अभ्यास पुरतो. सहा तास बसवलं तर उरलेले चार तास भांडणात जातात. वेळापत्रकाऐवजी क्रम ठरवा: गणित आधी, मग वाचन, मग बाकीचं. घड्याळ चुकतं, क्रम सहसा चुकत नाही.

कागद राहून जातात

खरं तर हे सगळ्यात आधी. बरेच जण शाळेची फी भरणं थांबवतात आणि समजतात झालं. तसं नसतं. होमस्कूलिंगचा कायदा देशागणिक बदलतो. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी शिकवायला जवळजवळ परवानगीच नाही. २००६ साली युरोपियन मानवाधिकार न्यायालयानेही तिथल्या पालकांच्या बाजूने कौल दिला नाही. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवून भागायचं, २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत मुभा आहे, पण नियम एकसारखे नाहीत: टेक्सासमध्ये सरकारला कळवण्याचीही गरज नाही, न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. म्हणून दुसऱ्या गावच्या ओळखीच्यांनी काय केलं यावर विसंबू नका. तुम्ही राहता तिथला नियम स्वतः वाचा. शाळेला लेखी कळवा, पोच घ्या, दाखला ताब्यात घ्या. पोचेचा कागद जपून ठेवा. दोन वर्षांनी कुणीतरी मागतंच.

दुसऱ्याच दिवशी अभ्यास

शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला लगेच पुस्तकासमोर बसवू नका. अनुभवी पालकांमध्ये एक ठोकताळा चालतो: जितकी वर्षं शाळेत काढली, तितके महिने मोकळे द्या. आकडा काही शास्त्रातून आलेला नाही, सोयीचा अंदाज आहे. पण त्यामागचं निरीक्षण खरं आहे. पहिले काही आठवडे मूल कंटाळतं, लोळतं, "आता काय करू?" म्हणत मागे-मागे फिरतं. इथेच पालकांचा धीर सुटतो. आपण चूक तर केली नाही ना, या भीतीने वह्या बाहेर येतात. माझ्याही आल्या होत्या.

मूल तयार झालं हे कशावरून ओळखायचं? "हे परीक्षेला आहे का?" हा प्रश्न बंद होतो आणि दुसरे प्रश्न सुरू होतात. माझ्या मुलीने एका दुपारी विचारलं, की नळाची धार खाली येताना बारीक का होते. त्या दिवशी आम्ही अर्धा तास नळापाशी होतो.

वर्षभराचं साहित्य एकदम विकत घेण्याबद्दल फार लिहीत नाही. घेऊ नका. आधी नमुन्याची चार पानं मुलाबरोबर करून बघा.

पान बरोबर, डोकं कोरं

ही चूक लक्षात यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मुलीने अपूर्णांकांच्या बेरजांचं अख्खं पान सोडवलं. २० पैकी २०. मी खूश. चार दिवसांनी सहज विचारलं, १/४ मोठा की १/८? "१/८. आठ मोठे असतात ना!"

पान परत काढून बघितलं तेव्हा उलगडा झाला. वीसच्या वीस गणितांत छेद सारखे. तिने पहिलं सोडवलेलं उदाहरण बघितलं, वरचे आकडे मिळवले, खालचा तसाच उतरवला. अपूर्णांक म्हणजे काय हे त्या पानाने तिला एकदाही विचारलं नव्हतं.

मग वही मिटली. कागदाची एक लांब पट्टी घेतली आणि निम्मी दुमडली. उलगडून मोजले तर दोन भाग. परत दुमडली, चार. परत, आठ. दर वेळी एका भागावर बोट ठेवायला सांगितलं. तिसऱ्या घडीला ती म्हणाली, "अगं, तुकडे वाढतात तसे बारीक होतायत." दहा मिनिटांचं काम. शाळेच्या वर्गात ते जमलं असतं की नाही कोण जाणे, पण घरी आम्ही ते आधी करायला हवं होतं.

तेव्हापासून एका साच्याची वीस गणितं बंद. आठ देते: तीन आजची, तीन गेल्या आठवड्यातली, दोन महिन्यापूर्वीची, सगळी मिसळून. मिसळलेल्या गणितांत कुठली रीत वापरायची हे मुलाला आधी ठरवावं लागतं, आणि खरी कसोटी तिथेच असते. जुनं पुन्हापुन्हा आणण्याचं कारणही जुनंच आहे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरलं जातं आणि मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी जास्त टिकते.

रोजची रडारड

अभ्यासाला बसलं की रोज रडू येत असेल तर शिस्तीचा प्रश्न आहे असं लगेच धरू नका. आधी साध्या गोष्टी तपासा. झोप झाली आहे का? भूक? मजकूर एक पायरी वरचा तर नाही? मागच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण करायला द्या. तिथेही अडलं तर आणखी मागे जा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वेळ, पुस्तक, जागा, पद्धत सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. दर पंधरा दिवसांनी नवी पद्धत आणणारे पालक मी पाहिले आहेत. मुलं बिचारी नवीन नियम शिकण्यातच दमतात.

इथे एक धोक्याची सूचना. "प्रत्येक मुलाचा वेग वेगळा" हे खरं, पण या वाक्याआड बरंच लपतं. वर्गात शिक्षकांची नजर असते, शेजारची मुलं असतात, त्यामुळे फरक दिसतो. घरी तुलनेला कुणी नसतं. मूल पुस्तक नाकाशी धरतं, ओळ सोडतं, मान तिरपी करून वाचतं, तर आधी डोळे तपासा. हाकेला ओ देत नाही, तर कान. कित्येक महिने नेमाने सराव करूनही अक्षरं जुळवता येत नसतील तर डिस्लेक्सियाची (वाचन-लेखन शिकताना येणारी मूळची अडचण) तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या. वाट बघण्यात वर्ष घालवू नका.

मित्र, नोंदी, परीक्षा

"मग ही मिसळणार कशी चार मुलांत?" हा प्रश्न नातेवाईक विचारणारच, आणि त्यातला थोडा भाग रास्त आहे. उत्तर म्हणून सहा क्लास लावणं ही चूक. क्लासमध्ये मुलं शेजारी बसतात, मैत्री होतेच असं नाही. तीच ती दोन-चार मुलं दर आठवड्याला, मोठ्यांची लुडबुड नसताना भेटली पाहिजेत.

हजेरीवही मात्र फुकट गेली नाही. तिच्यात आता रोज तारीख टाकून दोन ओळी लिहिते: काय वाचलं, कुठे अडलं, काय विचारलं. महिन्याचा एक लिहिलेला कागद तारीख घालून फाइलला लावते. "आज काहीच झालं नाही" असं वाटणाऱ्या दिवसांवर हा चांगला उतारा आहे, आणि कुणी अधिकाऱ्याने विचारलं तर पुरावाही.

परीक्षेचा विचार मुलगी नववीच्या वयाची झाल्यावर करू, असं मी ठरवलं होतं. उशीर झाला असता. खासगी उमेदवाराला कोण बसू देतं, वयाची अट काय, नोंदणी कधी बंद होते, हे दोन-तीन वर्षं आधी माहीत हवं. भारतातल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीसाठी वय किमान १४ लागतं. केंब्रिजच्या आयजीसीएसईत (दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) विज्ञानाला प्रयोगशाळेतल्या परीक्षेऐवजी प्रयोगांवर आधारलेली लेखी परीक्षा देता येते. घरी प्रयोगशाळा नसलेल्यांना हे माहीत नसतं आणि ते विज्ञानच सोडून देतात.

शेवटची चूक माझी एकटीची नसावी: सगळं एकटीने ओढणं. दुसऱ्या वर्षी मी चिडचिडी झाले, आणि ती चिडचिड नेमकी गणितावर निघायची. आता गणित तिचे बाबा घेतात. ते माझ्यापेक्षा हळू शिकवतात. तिला तेच हवं होतं, असं तिने मला तोंडावर सांगितलं.