शीट मेटलचा पार्ट कॅडमध्ये कसा काढावा

पहिल्यांदा शीट मेटल करणारी बरीच मंडळी आधी भरीव ठोकळा काढतात, तो आतून पोकळ करतात आणि मग सॉफ्टवेअरकडे त्याचं शीट मेटल करून मागतात. कधी कधी ते जमतंही. पण पत्र्याचा पार्ट मुळात एकाच जाडीचा सपाट तुकडा असतो. तो आधी कापला जातो, मग एकेक बेंड मारत उभा राहतो. कॅडमध्येही त्याच क्रमाने गेलं की बरेच घोळ होतच नाहीत.

उदाहरणाला २ मिमी माइल्ड स्टीलचा साधा एल ब्रॅकेट घेऊ. बाहेरून मोजली तर एक बाजू ५० मिमी, दुसरी ३० मिमी. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, फ्युजन, फ्रीकॅड, काहीही वापरा. कमांडची नावं बदलतील, रीत हीच.

पायरी १ : स्केचच्या आधी शीट मेटल रूल भरा

जाडी, बेंडची आतली त्रिज्या आणि के फॅक्टर (तो काय, ते पायरी २ मध्ये) हे तीन आकडे सुरुवातीलाच भरायचे. जाडी मिलिमीटरमध्येच लिहा, गेज नंबरमध्ये नको. १६ गेज म्हणजे साध्या स्टीलमध्ये सुमारे १.५२ मिमी, गॅल्व्हनाइज्डमध्ये १.६१ आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये १.२९. नंबर एक, पत्रे तीन.

त्रिज्या आपल्या मनाने ठरत नाही, ती प्रेस ब्रेकचा, म्हणजे पत्रा वाकवणाऱ्या मशीनचा, डाय (खालचा साचा) ठरवतो. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना, व्ही डायचं (व्ही आकाराच्या खाचेच्या डायचं) तोंड साधारण जाडीच्या ८ पट घेतात, म्हणजे आपल्याला १६ मिमी. माइल्ड स्टीलमध्ये आतली त्रिज्या या तोंडाच्या १६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून इथे २.५ मिमी भरू. ड्रॉइंगवर १ मिमी लिहिल्याने पत्रा तेवढ्यात वाकत नाही. फक्त मॉडेल चुकीचं होतं.

पायरी २ : के फॅक्टर मोजून घ्या

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मोलाची हीच आहे.

बेंड मारताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मधला एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. आतल्या पृष्ठभागापासून त्या थराचं अंतर भागिले जाडी, हा झाला के फॅक्टर. ९० अंशाच्या बेंडमध्ये किती पत्रा खर्ची पडतो, ते यावरून निघतं : १.५७०८ गुणिले (त्रिज्या अधिक के गुणिले जाडी).

के ०.४ धरला तर बेंडला ५.१८ मिमी लागतात. दोन्ही बाजूंतून त्रिज्या अधिक जाडी, म्हणजे ४.५ मिमी वजा केले की ४५.५ आणि २५.५ उरतात. सपाट लांबी झाली ७६.१८ मिमी. हाच के ०.५ धरला तर ७६.५०. एका बेंडला ०.३ मिमी किरकोळ वाटतील, पण चार बेंडच्या पार्टमध्ये फरक सव्वा मिमीच्या पुढे जातो आणि शेवटचं भोक स्क्रूसमोर येतच नाही.

म्हणून ज्या मशीनवर काम होणार आहे तिथे एक पट्टी वाकवून बघा. नेमकी १०० मिमी लांबीची पट्टी कापा, मधोमध ९० अंशाचा बेंड मारा, गुण्या लावून कोन तपासा आणि दोन्ही बाजू व्हर्नियरने बाहेरून मोजा. समजा ५१.८ आणि ५२.० आल्या. बेरीज १०३.८, म्हणजे १०० पेक्षा ३.८ जास्त. हे ३.८ म्हणजे बेंड डिडक्शन. आता ४.५ च्या दुपटीतून, ९ मधून, ते वजा करा : ५.२. त्याला १.५७०८ ने भागा, २.५ वजा करा, उरलेल्याला जाडीने भागा. आपला के निघाला ०.४ च्या जवळ. पत्रा, जाडी किंवा डाय बदलला की पट्टी पुन्हा वाकवायची.

पायरी ३ : बेस फ्लँज, मग बाकीचे फ्लँज

फ्लँज म्हणजे पार्टची एक सपाट बाजू. सगळ्यात मोठी बाजू बेस फ्लँज म्हणून काढा आणि बाकीच्या बाजू एज फ्लँजने जोडा. फ्लँजची उंची बाहेरून मोजायची की आतून, तो पर्याय डायलॉगमध्ये डोळे उघडे ठेवून निवडा. तिथली चूक नेमकी एका जाडीची असते आणि सहज दिसत नाही.

फ्लँज फार आखूडही चालत नाही. वाकताना पत्रा डायच्या दोन्ही काठांवर टेकला पाहिजे. व्ही डायचं तोंड १६ मिमी असेल तर बाहेरून किमान ११ मिमी फ्लँज ठेवा. यू आकारात तळ अरुंद आणि बाजू उंच असतील तर दुसरा बेंड मारताना आधीची बाजू पंचला (पत्रा वरून दाबणाऱ्या अवजाराला) आपटते. स्क्रीनवर हे कधीच दिसत नाही, म्हणून बेंडचा क्रम कागदावर काढून बघायची सवय लावा.

भोकाची कड शेजारच्या फ्लँजच्या आतल्या पृष्ठभागापासून किमान जाडीच्या दुप्पट अधिक त्रिज्या इतकी दूर ठेवा, इथे ६.५ मिमी. त्याहून जवळ गेलं की गोल भोक लांबट होतं. फ्लँज पूर्ण रुंदीचा नसेल तर त्याच्या टोकाला रिलीफ, म्हणजे छोटी खाच, द्या. रुंदी किमान जाडीइतकी, खोली बेंडची गोलाई संपते त्याच्या किंचित पलीकडे. रिलीफ नसला की कोपऱ्यात पत्रा फाटतो.

पायरी ४ : पार्ट उलगडा आणि डीएक्सएफ काढा

फ्लॅट पॅटर्न (पार्टचा उलगडलेला सपाट आकार) शेवटी नव्हे, प्रत्येक फ्लँजनंतर उलगडून बघा. दोन भाग एकमेकांवर चढत असतील तर तेव्हाच कळतं.

डीएक्सएफ, म्हणजे कटिंगसाठी पाठवायची ड्रॉइंगची फाइल, एकास एक मापात आणि मिलिमीटरमध्ये काढा. बेंड लाइन वेगळ्या लेयरवर हव्यात. एकदा माझ्याकडून त्या कटिंगच्याच लेयरवर राहिल्या. लेझरने त्या रेषांवरच कापलं आणि ब्रॅकेटऐवजी सुट्या पट्ट्या हातात आल्या. पत्रा आणि दिवस दोन्ही वाया गेले. तेव्हापासून फाइल पाठवण्याआधी मी ती कोऱ्या ड्रॉइंगमध्ये उघडते, बेंडचा लेयर बंद करते आणि बाहेरची रेघ सलग बंद आहे का ते बघते. मग एकूण लांबी मोजते. या ब्रॅकेटला ती ७६.१८ आलीच पाहिजे.