वारसाच्या कामासाठी वकील गाठताना या चुका टाळा

वडिलांचं दहावं कऱ्हाडला प्रीतिसंगमावर झालं आणि तेराव्याच्या संध्याकाळीच घरात विषय निघाला, "आता नावं कधी लावायची?" त्यात वावगं काही नव्हतं. विकास सोसायटीचं पीककर्ज उभं होतं, ऊस तोडणीला आला होता आणि कारखान्याचं बिल वडिलांच्याच खात्यावर जमा होणार होतं. मी थोरला, म्हणून पुढच्याच आठवड्यात एका वकिलांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, प्रोबेट करायचंय." हा शब्द मुंबईच्या मावसभावाकडून ऐकलेला. वडिलांनी मृत्युपत्र केलेलंच नव्हतं. मृत्युपत्र नसेल तर प्रोबेट कशाचं करायचं, एवढंही मला ठाऊक नव्हतं, आणि समोरच्यांनीही ते विचारण्याआधी आगाऊ रक्कम घेतली.

पुढची अडीच वर्षं खेपांत गेली. त्यातली निम्मी तरी वाचली असती. घरात नुकतंच कुणी गेलंय आणि कागदांची पिशवी समोर उघडी पडलीय, अशा माणसासाठी हे लिहितोय.

कोणता कागद हवा हे न ठरवता वकील लावणं

आपल्याकडे सगळ्यालाच "वारस दाखला" म्हणायची सवय आहे. पण कामं वेगळी, कागदही वेगळे.

सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला, वाद नसेल तर कोर्टाची गरजच नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ घेऊन तलाठ्याकडे जायचं. आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. वारस रजिस्टरला नोंद होते, फेरफार धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. जमीन महसूल संहितेप्रमाणे ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. लोक तीस-तीस वर्षं देत नाहीत, म्हणून तर २०२५ मध्ये सरकारला जिवंत सातबारा मोहीम काढावी लागली.

बँकेतल्या ठेवी, शेअर, येणं असलेली रक्कम यांसाठी लागतं ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली दिवाणी न्यायालय देतं. घर-जागेसारख्या स्थावर मिळकतीसाठी न्यायालयाचा वारस दाखला मिळतो तो चक्क १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली. ग्रामपंचायतीचा किंवा पोलीस पाटलांचा दाखला हा या दोन्हींची जागा घेत नाही. मी सहा महिने तोच लॅमिनेट करून फिरत होतो.

आणि प्रोबेट? मृत्युपत्र खरं आहे, यावर कोर्टाने मारलेला तो शिक्का. सातारा-सांगलीत केलेल्या आणि इथल्याच जमीन-घराबद्दलच्या मृत्युपत्राला त्याची सक्ती कधीच नव्हती. सक्ती होती ती मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या राजधान्यांपुरती: तिथे केलेलं मृत्युपत्र, किंवा तिथल्या स्थावराबद्दलचं मृत्युपत्र. जावळी-पाटणच्या घराघरात हा प्रश्न आला तो यामुळेच. माणूस माथाडीत किंवा गिरणीत आयुष्य काढून गावी परतलेला, मृत्युपत्र गावातच लिहिलेलं, पण त्यात मुंबईचा फ्लॅट. ज्या कलम २१३ मुळे ही सक्ती होती, ते संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं. तरी भावाभावांत मृत्युपत्रावरून वाद दिसत असेल तर स्वतःहून प्रोबेट घेऊन ठेवण्यात शहाणपण आहे, असं माझं मत. आज साक्षीदार हयात आहेत. दहा वर्षांनी त्यांना कुठून आणणार?

तेव्हा वकिलाकडे जाताना "प्रोबेट करायचंय" किंवा "वारस दाखला काढायचाय" असं म्हणू नका. मृत्युपत्र आहे की नाही, मिळकत कुठे-कुठे आणि कोणत्या प्रकारची आहे, माणूस शेवटी कुठे राहत होता, हे सांगा. कागदाचं नाव त्यांना ठरवू द्या.

वारसांच्या यादीतून माणूस गाळणं

ही चूक मी केली, आणि ती कागदापुरती राहिली नाही.

वारस नोंदीच्या अर्जात मी आई, मी, धाकटा भाऊ आणि बहीण अशी चार नावं लिहिली. बहिणीचं नाव लिहिलं म्हणून मनात थोडं बरंही वाटलं होतं. आजी, म्हणजे वडिलांची आई, तेव्हा घरातच होती. अंथरुणाला खिळलेली. तिला कशाला तलाठी कार्यालयात न्यायचं, अंगठे कशाला घ्यायचे, असा विचार केला. शिवाय ती आजी, वारस कशी असेल?

हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत पुरुषाची आई पहिल्या वर्गाची वारस आहे. बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. वडील मात्र त्या वर्गात नाहीत. लोक नेमकं उलटं धरून चालतात. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून मलकापूरला एक प्लॉट घेतला होता. त्याचे चार नाही, पाच वाटे व्हायला हवे होते.

अकरा महिन्यांनी आजीही गेली. मग तिचा एक पंचमांश तिच्या वारसांकडे गेला: माझ्या दोन आत्या, आणि तिसरा भाग आम्ही तीन भावंडं. म्हणजे ज्या प्लॉटमध्ये आत्यांचा काही संबंध नव्हता, त्यात प्रत्येकीचा पंधरावा हिस्सा तयार झाला. आम्हाला याची कल्पनाच नव्हती. कर्ज फेडायला प्लॉट विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलांनी वंशावळ मागितली, आजीच्या मृत्यूची तारीख पाहिली आणि व्यवहार थांबवला.

थोरल्या आत्याकडे सही मागायला गेलो. तिने चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, आम्हाला तुमची जागा नको. पण माझी आई जिवंत असताना तिला कागदावर मेलेली का धरलीस?" मला उत्तर देता आलं नाही.

मुलींच्या बाबतीत तर गावोगाव हेच चालतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार झाली, आणि वडील त्या दुरुस्तीआधी वारले असले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही वारस असतात. परगावी गेलेला, वर्षानुवर्षं न बोलणारा भाऊही असतो. एखादं नाव लपवून काढलेलं प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. वकिलाने "बहिणींचं बघू नंतर" म्हटलं, तर त्या वकिलाकडून उठून या.

यादी करायची ती तारखांसकट. कोण कधी वारलं, त्या दिवशी कोण हयात होतं. मरणाची तारीख हीच वाट्याची तारीख. मयत बाई असेल तर यादी निराळी असते: आधी तिचा नवरा आणि मुलं. आणि मूलबाळ नसलेल्या बाईला आईबापाकडून आलेली जमीन सासरकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. हे सासरच्यांना सांगून पटत नाही, पण कायदा तसाच आहे.

तोंडी हक्कसोड आणि कोऱ्या कागदावरच्या सह्या

"बहिणींनी सोडलंय" हे वाक्य कोर्टात उभं राहत नाही. स्थावरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेलं पुरत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात मुद्रांक नाममात्र असतो, तेव्हा खर्चाची सबबही चालत नाही. वारसांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल असेल तर त्याच्या वाट्याची हक्कसोड आई किंवा काका परस्पर करू शकत नाहीत, जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.

आणि बहिणीला काय लिहिलंय ते वाचू द्या. राखीला आलेल्या बहिणीपुढे कागद सरकवून "इथं सही कर" म्हणणं मी माझ्याच भावकीत पाहिलंय. ती सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. पुढे तिच्या मुलांनी दावा लावला की सगळे म्हणतात, बहीण फिरली.

नॉमिनी, एटीएम आणि मुखत्यारपत्र

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण ते वारसांसाठी. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, आईवडील, मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर गोष्ट वेगळी आहे, म्हणून पॉलिसी वकिलाला जरूर दाखवा.

वडिलांचं एटीएम कार्ड घेऊन तेराव्याच्या खर्चाला पैसे काढणं बहुतेक घरांत होतं. करू नका. हेतू शुद्ध असला तरी पुढे वाद झाला की बँकेच्या उताऱ्यावरची ती तारीखच तुमच्या विरुद्ध बोलते. तसंच वडिलांनी दिलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) त्यांच्या शेवटच्या श्वासाबरोबर संपतं. त्यावर नंतर केलेला व्यवहार टिकत नाही.

रक्कम लहान असेल तर कोर्टात धावण्याआधी बँकेत विचारा. नॉमिनी नसला तरी सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत, वाद नसेल तर इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईचं हमीपत्र) आणि इतर वारसांच्या संमतीवर दावा निकाली काढावा, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये घालून दिलंय. सांगलीकडे ठेवी सहकारी बँकांत बऱ्याच असतात, त्यामुळे हा ५ लाखांचा आकडा लक्षात असू द्या. जुनी विसरलेली खाती रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात.

कर्जाचं भय अनेकांना असतं. वडिलांच्या कर्जाला वारस जबाबदार असतो तो मिळालेल्या मिळकतीपुरताच. कुणी दारात येऊन दमदाटी केली म्हणून स्वतःच्या खिशातून भरू नका.

नाव एक, कागद अनेक

सातबाऱ्यावर "बापू", आधारवर "पांडुरंग", मृत्यूच्या दाखल्यात तिसरंच आडनाव. आपल्या भागात हे इतकं सर्रास आहे की त्यासाठी अर्जात सुरुवातीलाच "ऊर्फ" घालून प्रतिज्ञापत्र जोडलेलं बरं. बहिणींचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत होते तेव्हाच दाखल्यातलं नाव अक्षर-अक्षर तपासा.

विटा-खानापूर-आटपाडीच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यावसायिकांच्या घरी आणखी एक अडचण. माणूस केरळात किंवा तमिळनाडूत वारतो, दाखला तिथल्या भाषेत येतो, दुकान-खाती तिथे आणि शेती इथे. उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज माणूस मरणावेळी नेहमी जिथे राहत होता त्या भागातल्या न्यायालयात करायचा असतो. ते ठिकाण कोणतं धरायचं, हे वकिलाबरोबर आधी ठरवा, नाहीतर वर्षभराने अर्ज परत येतो. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र मात्र भारतभर चालतं.

वकिलाशी व्यवहार

फौजदारीत नाव कमावलेल्या वकिलाकडे जाण्यापेक्षा, तालुका कोर्टात वारसाची कामं नेहमी करणारा बघा. फी, कोर्ट फी आणि वृत्तपत्रातल्या जाहीर नोटिशीचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या, पावती मागा. मूळ कागद देऊ नका, कोर्टाने मागितले तेव्हा स्वतः घेऊन जा. अर्ज दाखल झाला की सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्टातल्या तुमच्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर तारीख, टप्पा सगळं दिसतं. माझा अर्ज "चालू आहे" असं मला सात महिने सांगितलं जात होतं, आणि तो दाखलच झालेला नव्हता. क्रमांक मागितला त्या दिवशी हे कळलं.

वारसांत मतभेद असतील तर सगळ्यांनी एकच वकील धरू नका. तो दोन्ही बाजूंचं हित एकदम पाहू शकत नाही.

पैशाअभावी कुणी मागे राहू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, दूरध्वनी १५१००. साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडे जिल्हा न्यायालयातच कार्यालय आहे. घरातल्या विधवेला, बहिणीला हे सांगा. त्यांना कुणी सांगत नाही. आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, मुंबईची रात्रीची एसटी धरायला नको.

आदेश हातात पडल्यावर

आमच्या दाखल्याची प्रत मिळाली त्या दिवशी मी आनंदात घडी घालून खिशात ठेवली. घरी आल्यावर धाकट्या आत्याने चष्मा लावून परिशिष्ट वाचलं, कारण या वेळी तिचंही नाव त्यात होतं. मलकापूरच्या प्लॉट नंबरातला एक आकडा उलटा पडला होता. दुरुस्तीच्या अर्जाला आणखी दोन तारखा लागल्या. तेव्हा कोर्टाच्या आवारातच बाकावर बसा, मिळकतीचा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि प्रत्येक वारसाचं नाव मूळ उताऱ्याशी ताडून पाहा, आणि प्रमाणित प्रती एक-दोन जास्त काढूनच एसटी स्टँडकडे निघा.