आधी बॅटरी विझवा: कोयनेच्या रानातल्या रात्री

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक खूश असतात. त्याच सातारा जिल्ह्यात कोयनानगरला पाच हजारांच्या आसपास पडतो, हे भूगोलात पाठ केलं होतं. पण गमबूटात पाणी शिरल्यावर ते खरं कळलं. प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना बेडकांचे आवाज नोंदवणाऱ्या एका प्रकल्पात मदतनीस म्हणून लागलो. काम जून ते सप्टेंबर, बहुतेक रात्रीचं. तेव्हापासून कॉलेजातली धाकटी पोरं विचारतात, "दादा, तिथं नेमकं करायचं काय असतं?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिल्या रात्री मी डोक्याला हेडलॅम्प, हातात मोठी बॅटरी घेऊन झुडूप न झुडूप उजळत सुटलो. दिसलं काहीच नाही. बरोबर जवळच्या वाडीतले मामा होते. दहा मिनिटं त्यांनी सोसलं. मग म्हणाले, "आवं सर, आधी ती बॅटरी इजवा. उजेड पडला की बेडकं गप हुत्यात, आन् तुमास्नी वाटतंय रानात कायच न्हाय."

विझवली. पहिली पाच मिनिटं नुसता गोंगाट. मग त्याचे पदर सुटायला लागले. तळाला रातकिड्यांची अखंड किर्र. कमरेएवढ्या कारवीच्या झुडपांतून मधूनच एक बारीक टिकटिक, तो बुश फ्रॉग, म्हणजे झुडपात राहणारा बेडूक. अंगठ्याच्या पेराएवढा जीव, आवाज मात्र भिंतीवरच्या घड्याळाला लाजवेल असा. खाली भातखाचरात मोठ्या बेडकांचं डरांव-डरांव. पहिल्या दमदार पावसात त्यांचे नर हळदीसारखे पिवळेजर्द होतात आणि गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. हे पाहायला जंगलात जावं लागत नाही, रस्त्याकडेचं डबकं पुरतं.

कान तयार करायची माझी पद्धत साधी आहे. एकच आवाज पकडायचा, पाच मिनिटं त्याच्याच मागे राहायचं, बाकीचे सोडून द्यायचे. मग वहीत तो आपल्या अक्षरांत लिहायचा. सुरुवातीला मी शोधनिबंधांतली इंग्रजी वर्णनं उतरवायचो, ती सकाळी वाचून काही आठवायचं नाही. 'टक्-टक्-टर्र', 'फरशीवर उड्या मारत थांबणारा चेंडू' असं लिहिलं की आवाज परत कानात येतो. हा चेंडू म्हणजे रातवा पक्षी. मराठीत आवाजांसाठी इतके शब्द असताना उसने कशाला घ्यायचे?

बहुतेक बेडकांत ओरडतो तो नरच. पण इथल्या ओढ्यांवर आढळणाऱ्या बॉम्बे नाईट फ्रॉगची मादीही आवाज काढते. तिची अंडी पाण्यावर झुकलेल्या पानांना चिकटलेली असतात. त्यामुळे ओढ्याकाठी फांदी मोडताना दहादा विचार करा. कोयनेच्या नावाचा एक टोडसुद्धा आहे, टोड म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक. १९६३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि तो फक्त सह्याद्रीच्या या उत्तर भागातच सापडतो.

आता माझी फजिती. झाडाला बांधून ठेवायचं एक छोटं रेकॉर्डर असतं, ऑडिओमॉथ. भिजू नये म्हणून मी त्यावर दुधाची पिशवी ताणून बसवली. सकाळी कार्ड लावून ऐकतो तर सहा तास प्लास्टिकवर पडणारा पाऊस, ताशा वाजावा तसा! दुसऱ्या वेळी ओढ्याला इतकं जवळ बांधलं की खळखळाटाखाली सगळं बुडालं. आता मी ओढ्यापासून चाळीस-पन्नास पावलं दूर, थोड्या कललेल्या खोडाच्या खालच्या अंगाला, माइकचं तोंड जमिनीकडे करून बांधतो. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. आणि रात्रीच्या नोंदीचा अर्धा वेळ म्हणजे दिवसा संगणकासमोर बसून आवाजाची चित्रं तपासणं, हे कुणी आधी सांगत नाही. ते कंटाळवाणं आहे. मला आवडतं, पण सगळ्यांना आवडेल असं नाही.

परवानगीचं आधी पाहा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. प्रकल्पाच्या आतल्या, गाभ्याच्या भागात रात्री हौशी माणसाला प्रवेश नाही, आणि तेच बरं आहे. आत अभ्यास करायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती यायला महिने जातात. नवख्याने वाडीतल्या ओळखीच्या माणसाच्या शेताच्या बांधावर बसावं. कराडहून चिपळूणकडे जाणारी एसटी पाटण, कोयनानगरवरून जाते, तेवढं पुरे. मोबाइलवर घुबडाचा आवाज लावून खऱ्या घुबडाला बोलावणारे लोक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. विणीच्या दिवसांत तो पक्षी पिल्लं सोडून भांडायला येतो.

भीतीचं म्हणाल तर बिबट्यापेक्षा मी गव्याला आणि पायाखालच्या सापाला जास्त भितो. हिरवा चापडा हा विषारी साप फांदीवर पानासारखा बसतो, म्हणून हात टेकण्यापूर्वी पाहायचं. जळवा चढणारच. मामा पायांना तंबाखूचं पाणी लावतात, मी लांब मोजे घालतो, दोघांनाही चावतात.

एकदा अकराच्या सुमाराला अगदी जवळून कुत्रं भुंकलं. एवढ्या रानात कुत्रं कुठलं म्हणून मी उठलोच. मामांनी शर्ट धरून खाली बसवलं. "भेकरू हाय. कायतरी बघितलंय त्यानं." भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. पुढची वीस मिनिटं ते थांबून थांबून भुंकत राहिलं, आवाज हळूहळू वरच्या सड्याकडे, म्हणजे कातळाच्या पठाराकडे सरकत गेला. काय होतं ते दिसलं नाही. वहीत वेळ लिहिली, दिशा लिहिली, आणि परत कारवीतल्या टिकटिकीला कान लावला.