दाढ काढल्यावरचं पथ्य पेशंटला कसं सांगावं

दाढ काढून झाली की पेशंटच्या तोंडात बोळा असतो, जबडा बधिर असतो. भोकरदनहून जालन्याला आलेल्या माणसाचं लक्ष तेव्हा परतीच्या एसटीकडे असतं. म्हणून पथ्य इंजेक्शनच्या आधी सांगा, आणि सोबतच्या माणसालाही आत बोलवा. घरी ताट वाढणारं तेच असतं.

आधी मुख्य तीनच गोष्टी. बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. नुसतं "24 तास" म्हणू नका. "मामा, आता अकरा वाजलेत. उद्या अकरापर्यंत थुंकायचं नाही, लाळ गिळायची," असं सांगा. कारणही सांगा: थुंकल्याने खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघते, हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत ठणका लागतो. लाळेत थोडी लाली दिसणारच, हेही आधीच बोला. नाहीतर माणूस घाबरून थुंकतच बसतो.

खरी अडचण तंबाखूची. मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री, तपकीर, बिडी. निदान तीन दिवस यातलं काही नको. दुखलं तरी खड्ड्यात लवंग किंवा तंबाखू दाबायची नाही.

बधिरपणा उतरेपर्यंत, म्हणजे दोन-चार तास, काही चावायचं नाही. लेकरं ओठ चावून जखम करून घेतात. "भाकरी बंद" म्हणालात तर इथला माणूस उपाशी राहील. गार दुधात कुस्करून दुसऱ्या बाजूने खायला सांगा. ठेचा नको. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलकेच चूळ.

मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरची गोळी) दिली असेल तर दारूचं आडपडदा न ठेवता बोला: गोळ्या संपल्यावरही दोन दिवस बंद. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कुणी मनाने थांबवायची नाही.

"समजलं का?" म्हटलं की मान डोलतेच. त्यापेक्षा "घरी सुनेने विचारलं तर काय सांगाल?" असं विचारा आणि जे चुकेल तेवढंच परत सांगा. वाचता न येणाऱ्यांना हेच बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवा.

चिठ्ठीवर फोन नंबर मोठ्या अक्षरात हवा. रक्त वाहू लागलं तर नवा बोळा अर्धा तास दाबायचा. तरी न थांबल्यास फोन. सूज दोन-तीन दिवस राहते, पण त्यानंतर वाढली, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दाखवायचं. गिळता येईना, श्वास अडकू लागला किंवा सूज मानेकडे उतरली, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठायचं.